मान फिरवणारा पोट्टा कोणाला दिसतो?

यवतमाळ जिल्ह्यात शालेय फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यात येतो आणि मैदानं बहुतेक काळ्या मातीची. मधल्या फळीतल्या पोराचं कौतुक करायचं असो की त्याची उणीव काढायची असो, सुरुवात इथूनच करावी लागते. दोन दिवसांच्या झडीनंतर ही माती बुटाला अशी धरते की दहा मिनिटांत पाय उचलणं जड होतं. जमिनीवरून दिलेला पास पाच-सात मीटरवर डबक्यात जाऊन बसतो. मग मैदानाबाहेरून सरांची हाक येते, “अबे, मागे काहून देऊन रायला? मार ना समोर!” आणि बॅकचा दणकट मुलगा चेंडू उंच उडवतो, पुढचा वेगवान मुलगा त्याच्यामागे धावतो. मधल्या फळीच्या डोक्यावरून सामना निघून जातो. दोन पास जोडून खेळ बांधू पाहणारं, चणीनं लहान पोरगं त्या दिवशी कोणालाच दिसत नाही आणि निवडीच्या कागदावर त्याच्या नावापुढे ‘प्रभाव नाही’ असा शेरा पडतो. ओल्या कापसाचा भाव करताना व्यापारी ओलावा वेगळा धरतो. ओल्या मैदानावरच्या पोराचा शेरा लिहिताना आपण तो धरत नाही.

यवतमाळमध्ये फुटबॉलगुणांची वानवा आहे असं मला वाटत नाही. मधल्या फळीचा खेळाडू पाहायला जी व्यवस्था लागते, ती मात्र आपल्याकडे नाही. आहे ती पाय आणि उंची पाहते. मिडफिल्डरचा निम्मा खेळ चेंडू पायात येण्याआधी घडतो आणि त्या वेळी सगळ्यांची नजर चेंडूवर असते, त्याच्यावर नसते.

व्यवस्था कशी चालते ते थोडक्यात. जिल्ह्यात सोळा तालुके. उमरखेड-पुसद एका टोकाला, वणी-झरी जामणी दुसऱ्या टोकाला. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, सुब्रतो मुखर्जी चषकाच्या फेऱ्या वेगळ्या. जिल्ह्यात जिंकलेला संघ अमरावती विभागात जातो, तिथून राज्यावर. सामने बाद पद्धतीचे. एका दिवसात बरेच संघ उरकायचे म्हणून वेळही आखडता. पहिल्याच सामन्यात शाळा हरली की पोराचा वर्षाचा हंगाम तिथेच संपला. आर्णीहून किंवा मारेगावहून एसटीनं किंवा भाड्याच्या गाडीनं आलेला मुलगा जेमतेम पाऊण तास खेळतो आणि परत जातो. तेवढ्यात गोलरक्षकाचा अंदाज येतो, आघाडीवीर एखादा गोल मारून जातो. मिडफिल्डर मात्र संघातल्या इतर दहा जणांशी बांधलेला. बॅकनं त्याला चेंडू दिलाच नाही, तर त्याच्या पदरात दाखवण्यासारखं काहीच उरत नाही.

शाळेच्या पलीकडे निवडीची दुसरी वाट म्हणजे राज्याच्या क्रीडा प्रबोधिन्या. त्यांच्या प्रवेशासाठी ‘बॅटरी ऑफ टेस्ट’ घेतात: उंची, वजन, ३० मीटर धाव, सहा गुणिले दहा मीटरची शटल रन, उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणं, पुढे वाकून लवचिकता, ८०० मीटर धाव. चाचण्या चांगल्याच आहेत. आठ-दहा वर्षांच्या, अजून कोणत्याही खेळात न रुळलेल्या मुलाचा शरीराचा कल यातून कळतो. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव बालेवाडीच्या प्रबोधिनीतून पुढे आला आणि २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, नंतर इंडियन सुपर लीगपर्यंत गेला. पण अनिकेत आघाडीवर आणि बाजूनं पळणारा खेळाडू, म्हणजे या चाचण्या ज्याला बरोबर पकडतात त्या जातीचा. त्याच विश्वचषक संघाची मधली फळी होती अमरजित सिंग कियाम, सुरेश वांगजाम, जॅक्सन सिंग अशा मणिपुरी मुलांची. २१ जणांच्या त्या संघात आठ जण मणिपूरचे होते. मणिपूरच्या मुलांचे पाय आपल्यापेक्षा वेगवान आहेत म्हणून हे घडलं नाही. तिथे गल्लीगल्लीत लहानपणापासून गर्दीत फुटबॉल खेळला जातो, आणि मधल्या फळीचं डोकं घडतं ते गर्दीत.

या डोक्याचं मोजमाप अजिबात करता येत नाही, असंही नाही. नॉर्वेचे संशोधक गाइर यॉर्डेट यांनी प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचे जवळून घेतलेले चित्रण पाहून एक साधी गोष्ट मोजली: चेंडू येण्याआधी खेळाडू किती वेळा मान वळवून भोवती पाहतो. फ्रँक लॅम्पार्डचा आकडा सेकंदाला ०.६२ आला. म्हणजे दहा सेकंदांत सहा वेळा त्यानं चेंडूवरची नजर काढून आजूबाजूला टाकली. जास्त वेळा पाहणाऱ्यांचे पुढच्या दिशेचे पास जास्त यशस्वी होतात, हेही त्या कामातून दिसलं.

हे मोजायला ना महाग कॅमेरा लागतो, ना परदेशी सॉफ्टवेअर. यवतमाळच्या नेहरू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसा, एक मुलगा निवडा आणि पाच मिनिटं चेंडू विसरून फक्त त्याच्या मानेकडे पाहा. सुरुवातीला फार अवघड जातं, नजर आपसूक चेंडूमागे पळते. पण एकदा जमलं की चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांत दोन जाती स्पष्ट दिसतात. पहिला बॅककडून चेंडू येईपर्यंत त्याच्याकडे टक लावून बघतो, चेंडू थांबवतो आणि मग मान वर करतो; तोवर समोरचा अंगावर आलेला असतो. दुसरा, चेंडू बॅकच्या पायात असतानाच एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहतो, चेंडू निघाला की पुन्हा एकदा डावीकडे. अंग पूर्ण बॅककडे नाही, अर्धं वळलेलं, एक पाय थोडा मागे. चेंडू येतो तो या मागच्या पायावर, आणि पहिला स्पर्शच त्याला पुढे तोंड करून उभा करतो. पुढचा पास कुठे जायचा हे त्याच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं. चिखलात त्याचा तो पास अडकेलही. निवडणाऱ्यानं नोंदवायचं ते अडकलेला पास नव्हे, आधीची दोन वेळची मान.

दुसऱ्या जातीचा मुलगा दहा शाळांमागे एखादाच सापडेल. त्याला कोणी शिकवलेलं नसतं. मोठ्या भावांच्या टोळीत लिंबूटिंबू म्हणून खेळताना धक्के चुकवायला तो आपोआप शिकलेला असतो.

आता खोट्या गुणांकडे येऊ, कारण निवडीत घात तेच करतात. सर्वांत फसवा गुण म्हणजे ‘सगळीकडे पळतो’. शालेय सामन्यात सामनावीराचं बक्षीस बहुधा यालाच मिळतं. डाव्या कोपऱ्यात चेंडू गेला की हा तिथे, उजवीकडे गेला की तिथे, कॉर्नर हाच घेणार, थ्रोही हाच टाकणार. प्रेक्षकांना वाटतं, किती जीव ओततो! पण मधली जागा मोकळी ठेवून तो गेला म्हणून समोरच्यांनी दोन वेळा मधूनच हल्ला केला, हे कोणी नोंदवत नाही. कुणी म्हणेल, एन्गोलो कांते तरी दुसरं काय करतो? कांते पळतो तो चेंडू जाणार असतो तिथे. आपला पोट्टा पळतो तो चेंडू असतो तिथे. फरक दीड-दोन सेकंदांचा असतो, आणि तो पाहायचा तर सामन्यातल्या त्याच्या जागेचा कच्चा नकाशा वहीत काढावा लागतो.

दुसरा खोटा गुण चेंडू पायात घेऊन चौघांना चकवण्याचा. पुसद किंवा दिग्रसच्या शाळेतला सर्वांत हुशार मुलगा दहा नंबरची जर्सी घालतो आणि सगळा खेळ स्वतःच करतो, कारण पास दिला तर परत मिळणार नाही हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. याला ‘स्वार्थी खेळतो’ म्हणणं अन्याय आहे. त्याला त्याच्याइतक्याच चांगल्या सहा मुलांबरोबर, लहान मैदानावर, दोन स्पर्शांची अट घालून खेळवा. तिथेही चेंडू धरून बसला, तर ती उणीव. तिथे सोडू लागला, तर शाळेतलं ते चकवणं नुसती गरज होती. हा प्रयोग कोणत्याही निवड चाचणीत पंधरा मिनिटांत होतो. तरी मुलांना अकरा-अकरा उभं करून अर्धा तास सोडून देण्याची पद्धत सुटत नाही.

खरी उणीव कोणती? माझ्या मते मधल्या फळीत सर्वांत जड उणीव एकच: चेंडूपासून लपणं. हे लपणं फार हुशारीनं होतं. मुलगा धावतो, हात वर करतो, ओरडतोही, पण उभा राहतो तो नेहमी प्रतिस्पर्ध्याच्या आड, जिथे पास पोहोचूच शकत नाही. हात वर दिसतो म्हणून मागणारा वाटतो. विशेषतः एक पास चुकून गोल झाला की त्यानंतरची दहा मिनिटं बघावीत. काही मुलं पुढच्याच चेंडूला बॅकजवळ येऊन मागतात, काही नाहीशी होतात. सर ओरडल्यावर खांदे पडतात का, तेही तिथेच दिसतं. मात्र एकदा लपला म्हणून भित्रा ठरवू नये. घरून उपाशी आलेला, किंवा बूट उसने घालून अंगठा चेपलेला मुलगाही लपतो.

बाकीच्या उणिवा लिहिताना त्यांची जात सांगावी. डाव्या पायानं पास जात नाही, हे शिकवण्यासारखं आहे. सोळा वर्षांच्या आत असेल तर भिंत आणि एक चेंडू पुरतो. हवेतल्या चेंडूत हरतो, हे बहुतेक वेळा वाढीवर सोडावं. समोर पाहतच नाही, हे शिकवता येतं पण वेळ खातं आणि अठराव्या वर्षी सुरू केलं तर फार थोडं हाती लागतं. ‘वेगात कमी’ हा शेरा मात्र मधल्या फळीसाठी जपून वापरावा. तीस मीटर पळण्याची वेळ मिडफिल्डरवर क्वचित येते, पहिल्या तीन पावलांची सतत येते. सर्जिओ बुस्केट्स सरळ धावेत कोणाला मागे टाकणारा खेळाडू कधीच नव्हता. पेप ग्वार्दिओलानं त्याला बार्सिलोनाच्या ‘ब’ संघात हाताखाली घेतलं, पुढच्याच वर्षी मुख्य संघात नेलं, आणि २०१० मध्ये तो विश्वविजेत्या स्पेनच्या मध्यावर उभा होता. आपल्या शटल रनच्या कागदावर त्याचं काय झालं असतं, याचा विचार प्रत्येक निवड समितीनं एकदा करावा.

वयाचा गुंता वेगळाच, आणि इकडे तो जरा जास्त. शालेय गटांची सीमा १ जानेवारीला पडते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी हा अकरा महिन्यांचा फरक खांद्यांत आणि मांड्यांत उघड दिसतो. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या तिमाहीतले जन्म जास्त भरतात ते यामुळे. पण आपल्याकडे जन्मतारीखच खरी असेल याची खात्री कुठे आहे? शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेल्यांच्या पिढ्या या महाराष्ट्रात आहेत. आता प्रसूती दवाखान्यात होतात, जन्मनोंद होते, म्हणून प्रमाण घटलं. तरी तांड्यावरच्या आणि कोलाम पोडावरच्या मुलाचा कागद आणि त्याचं वय यांची गाठ पडेलच असं नाही. वय लपवून खेळवणाऱ्यांचा बंदोबस्त करायला फुटबॉल महासंघ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतो. त्याला टीडब्ल्यू-३ पद्धत म्हणतात. फिफानं १७ वर्षांखालील विश्वचषकात २००९ पासून मनगटाची एमआरआय सुरू केली. तालुका पातळीवर यातलं काहीच होत नाही, व्हावं असंही नाही. पण निवडणाऱ्यानं मुलाच्या आईवडिलांची उंची, गेल्या वर्षभरात मुलाची वाढलेली उंची आणि बुटाचा नंबर एवढं विचारून लिहून ठेवलं तरी पुष्कळ.

कारण मुलांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास, मुलींची बाराव्या. या वाढीच्या महिन्यांत हातपाय लांबतात आणि मेंदूचा जुना हिशेब चुकतो. कालपर्यंत चेंडू पायाला चिकटवून ठेवणारा मुलगा अचानक अडखळतो, गुडघ्याखालचं हाड दुखतं म्हणून लंगडतो. नेमकं त्याच वेळी कोणी पाहिलं तर ‘पहिला स्पर्श कच्चा’ असं लिहितो आणि पोरगं यादीतून कटतं. याच कारणानं २०२५ मध्ये राज्य सरकारनं हाती घेतलेल्या ‘प्रोजेक्ट महादेवा’कडे मी आशेनं आणि थोड्या काळजीनं पाहतो. १३ वर्षांखालील ३० मुलगे आणि ३० मुली निवडून त्यांना पाच वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची ती योजना. १४ डिसेंबर २०२५ ला वानखेडेवर मेस्सी आला तेव्हा तिचा गाजावाजा झाला. पाच वर्षांचा शब्द दिला, ही मोठी गोष्ट. पण तेरा हे वय मुलींसाठी आणि मुलांसाठी एक नाही. त्या वयाच्या बऱ्याच मुलींची झपाट्याची वाढ होऊन गेलेली असते, मुलग्यांत ती काहींची झालेली आणि बहुतेकांची व्हायची असते. मुलग्यांच्या निवडीत लवकर वाढलेला मुलगा पुढे सरकणार, हे गृहीत धरून शारीरिक वाढीच्या टप्प्याप्रमाणे गट पाडून एखादा सामना खेळवला तर बरं. इंग्लंडमधल्या अकादमींनी असे ‘बायो-बँडिंग’ सामने करून पाहिले आहेत.

आधीच्या दोन प्रयत्नांचाही हिशेब घ्यायला हवा. १५ सप्टेंबर २०१७ ला ‘महाराष्ट्र मिशन वन मिलियन’च्या नावानं राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळला गेला, शाळांना चेंडू मिळाले. मग बायर्न म्युनिकशी करार करून २०२३ मध्ये १४ वर्षांखालील मुलांची राज्यस्पर्धा घेतली, जिल्ह्यांमधून चाळून निवडलेल्या वीस मुलांना जर्मनीला पाठवण्याची ती योजना. दोन्ही उपक्रमांनी उत्साह आणला. पण जिल्हा फेरीत एकविसावा, चाळिसावा आलेल्या मुलाची नोंद जिल्ह्याकडे राहावी आणि वर्षानं कोणी त्याला परत पाहावं, ही सवय त्यातून लागली नाही. मिडफिल्डर बहुधा या चाळिसांत असतो.

एक उणीव निवडणाऱ्यांच्या वहीत वारंवार येते: ‘दम कमी’. विदर्भात हा शेरा लिहिण्याआधी रक्त तपासावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. सतरा वर्षांखालील मुलींच्या संघात उत्तरार्धात चालू लागणारी मधल्या फळीतली मुलगी आळशी आहे की तिचं हिमोग्लोबिन नऊ आहे, हे मैदानावरून कळत नाही. शिवाय सिकलसेल. पूर्व महाराष्ट्रातल्या आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण लक्षणीय आहे, केंद्र सरकारची निर्मूलन मोहीमही जुलै २०२३ पासून सुरू आहे. नुसता वाहक असलेला खेळाडू बहुधा व्यवस्थित खेळतो, पण उन्हात, पाणी न पिता, दमछाक होईपर्यंत पळवलं तर त्याला धोका असतो. अशा मुलाला शिक्षा म्हणून मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावणारे सर आजही आहेत.

‘सरावाला गैरहजर’ हा शेराही तसाच. दिवाळीच्या पुढेमागे कापसाची वेचणी सुरू होते, घरात जेवढे हात तेवढे लागतात. तेव्हा मैदानावर न आलेल्या मुलाला बेशिस्त म्हणण्याआधी त्याच्या गावी एकदा चक्कर टाकावी.

चुकलेल्या निवडींच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात, त्यातल्या मधल्या फळीच्या कथांचा सूर मात्र एकसारखाच. लुका मॉड्रिच चणीनं किरकोळ म्हणून हायडुक स्प्लिटला नको होता. दिनामो झाग्रेबनं घेतला आणि अठराव्या वर्षी बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तारला उसना दिला. तिथल्या धसमुसळ्या लीगमध्ये टिकलेला हा पोरगा २०१८ मध्ये बॅलन डी’ऑर घेऊन गेला. कांते फ्रान्सच्या खालच्या विभागांतून बुलोन, काँ असं चढत २४ व्या वर्षी लेस्टरला पोहोचला. उलट बाजूही आहे. २०१५ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकातला सर्वोत्तम खेळाडू नायजेरियाचा मिडफिल्डर केलेची न्वाकाली. आर्सेनलनं त्याला घेतलं, पण पहिल्या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही. जगातले सर्वांत महागडे डोळे चुकतात, तिथे एका पावसाळी दुपारी आपण अचूक निवड करू, हा विश्वास कुठून येतो?

आपल्या जॅक्सन सिंगचंच पाहा. तो त्या विश्वचषक संघात उशिरा आला. मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी भारताच्या संघाला सराव सामन्यात हरवलं आणि प्रशिक्षक लुईस नॉर्टन द मातोस यांची नजर तिकडे वळली. ९ ऑक्टोबर २०१७ ला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडर मारून त्यानं भारताचा विश्वचषकातला पहिला गोल केला. तो गोल उंचीचा होता हे मान्य. उंची नकोच असं कोण म्हणतं? संघाबाहेरच्या मुलांशी सामना झाला म्हणून तो दिसला, हे इथे जास्त महत्त्वाचं. यवतमाळच्या निवडलेल्या संघाला न निवडलेल्यांशी खेळवण्याचा प्रकार मी कुठे पाहिलेला नाही.

शोध फुटबॉलच्या मैदानापुरता ठेवण्याचंही कारण नाही. पांढरकवडा आणि पुसद या आदिवासी प्रकल्पांच्या आश्रमशाळांत कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल जोरात चालतात. खो-खोत मागून येणारा पाठलाग न पाहता ओळखणारा, दोन पावलांत दिशा बदलणारा बारा वर्षांचा मुलगा मधल्या फळीचा कच्चा माल आहे. चेंडूची ओळख त्याला दोन वर्षांत करून देता येईल, ती जाण नव्यानं पेरता येणार नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना हाताशी धरून फुटबॉल सुरू केला, त्यावर पुढे ‘झुंड’ हा चित्रपट आला. कामठीला तर फुटबॉलची परंपरा जुनी. दीडशे किलोमीटरवरच्या नागपूर-कामठीच्या संघांना वर्षातून दोनदा यवतमाळला बोलावलं तरी आपल्या मिडफिल्डरना कळेल की पायात चेंडू ठेवायला किती कमी वेळ मिळतो.

अहवाल कसा लिहावा, याचा एक नमुना देतो. मुलगा काल्पनिक, नोंद मात्र अशीच असावी. ‘घाटंजी तालुका, १५ वर्षे, उजव्या पायाचा, मध्यावर आठ नंबर. मैदान ओलं, चेंडू जड, सामना वीस-वीस मिनिटांचा, संघ ०-३ नं हरला. चेंडू मागण्याआधी बहुतेक वेळा मागे पाहिलं. अर्धा वळून घेतो, पण फक्त उजवीकडे. डावीकडून दाब आला की मागे देतो. दुसऱ्या गोलात चूक याची. त्यानंतरचे तिन्ही चेंडू स्वतः येऊन मागितले. चेंडू गेल्यावर लगेच परत धावतो, पण पास जाण्याची वाट न अडवता सरळ माणसावर जातो. शेवटची पाच मिनिटं चालत होता. सकाळी काय खाल्लं ते विचारायचं राहिलं. वर्षात चार बोटं उंची वाढली असं आई म्हणते. कोरड्या मैदानावर पुन्हा पाहावा.’ याच मुलाचा नेहमीचा शेरा असा पडला असता: ‘स्किल चांगली, फिटनेस कमी, डिफेन्स कमजोर, १० पैकी ६.’ या सहा गुणांतून पुढच्या प्रशिक्षकाच्या हाती काय लागणार? आकडा देऊ नये असं नाही, पण त्याआधी मुलानं काय केलं हे क्रियापदांत यावं.

मोबाइलचा कॅमेरा इथे खरोखर कामाचा. एकच काळजी घ्यावी: उंचावरून घ्यावा आणि चेंडूमागे फिरवू नये, निम्मं मैदान चौकटीत धरून स्थिर ठेवावा. चेंडूमागे पळणाऱ्या चित्रणात मिडफिल्डरचं सगळं काम चौकटीबाहेर राहतं. आणि अल्पवयीन मुलांचे नावगाव घालून तुकडे समाजमाध्यमांवर टाकण्याचा जो सोस वाढलाय, तो आवरावा. ते पाहून ‘मोठ्या क्लबची ट्रायल’ म्हणून हजारो रुपये मागणारे फोन पालकांना येतात. चांगल्या निवासी अकादमी, जशी नवी मुंबईत २०१५ पासून चालणारी रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स, निवडलेल्या मुलाला शिष्यवृत्ती देतात. प्रवेशासाठी आधी पैसे मागणारा दिसला की वडिलांनी फोन ठेवून द्यावा.

दुसऱ्यांदा पाहायला जागा शोधावी लागत नाही. पाऊस सरला, वेचणी आटोक्यात आली की जानेवारीत गावोगावी रोख बक्षिसांचे खुले सामने लागतात. मैदान कडक, जागोजागी भेगा, चेंडू वेडावाकडा उडणारा, आणि पंधरा वर्षांचा मुलगा पंचविशीतल्या गड्यांमध्ये. शाळेत चौघांना चकवणारा इथे पहिल्याच धडकेत आडवा होतो. पावसात न दिसलेला, मान फिरवणारा मुलगा इथे दोन स्पर्शांत चेंडू सोडून बाजूला झालेला असतो, कारण येणारा गडी त्यानं आधीच पाहिलेला असतो. शाळेचा हंगाम तेव्हा संपलेला असल्यानं निवड समितीचं कोणी या सामन्यांना सहसा जात नाही.